पूल मोडण्याआधी लिहिलेला आकडा : तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विषयाच्या गुणदानाचे एक प्रकरण

माध्यमिक शाळेत तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी काड्यांचा पूल करून घेतलेला असतो. साहित्य थोडे लागते, हत्यारे जवळजवळ लागतच नाहीत, आणि पूल मोडायची वेळ आली की एरवी मागे रेंगाळणारी मुलेही टेबलाभोवती गर्दी करतात. प्रस्तुत प्रकरण या प्रकल्पाच्या गुणदानाविषयी आहे. ते कोणत्याही एका शाळेचे नाही. अशा वर्गांत वारंवार उद्भवणारी परिस्थिती एकाच वर्गात घडली असे धरून ते मांडले आहे. त्यातील पुलांची वजने व भार उदाहरणादाखल घेतले आहेत, मात्र त्यांमागचे यंत्रशास्त्र खरे आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही ते पडताळता येईल.

वर्ग आणि नियम

वर्ग नववीचा. विषय ऐच्छिक असल्यामुळे त्यात दोन प्रकारची मुले येतात : पुढे अभियांत्रिकीकडे जायचे म्हणून आलेली, आणि दिवसातून एखादा तास तरी हाताने काही करायला मिळावे म्हणून आलेली. चार-चार जणांच्या गटाने आईस्क्रीमच्या काड्या आणि लाकडाचा पांढरा गोंद वापरून ४० सेंटिमीटरचे अंतर ओलांडणारा पूल बांधायचा असतो. तो दोन टेबलांच्या मध्ये ठेवतात, मध्यभागी लाकडी ठोकळा ठेवून त्यातून खाली हूक सोडतात, हुकाला बादली अडकवतात आणि तिच्यात वाळू ओतत राहतात. पूल मोडला की बादलीचे वजन करायचे, त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचे आणि येणाऱ्या गुणोत्तरावर गुण द्यायचे, असा नियम वर्षानुवर्षे चालत आलेला होता.

या नियमाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्यात शिक्षकाच्या मर्जीला वाव नाही, गुणांवरून वाद होत नाहीत, आणि कमी वजनात जास्त भार पेलणे हे खऱ्या अभियांत्रिकीतलेही उद्दिष्ट आहे. अडचण दिसू लागली ती नियम मुलांना पाठ झाल्यानंतर. आदल्या वर्षीच्या विजेत्या पुलाचे छायाचित्र मोबाइलवरून फिरत होते आणि नव्या वर्षी निम्म्याहून अधिक गटांचे पूल एकाच साच्यातले निघाले.

त्या वर्षी पहिल्या आलेल्या गटाने प्रत्येक काडी तिहेरी केली होती, मग ती पुलात कुठेही असो. पूल १९० ग्रॅमचा झाला आणि त्याने ५८ किलो भार पेलला. त्यासाठी दुसरी बादली आणावी लागली. गुणोत्तर तीनशेच्या थोडे वर गेले. सगळ्याच काड्या तिहेरी का केल्या, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘मॅडम, मागच्या वर्षीचा पण असाच होता.’ पूल मोडला तो खालच्या पट्टीतल्या एका सांध्याचा गोंद सुटून, म्हणजे काड्या तिहेरी करण्यात जो खटाटोप झाला होता त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या जागी. गटाला त्याचे काहीच वाटले नाही. टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या एका गटाचा पूल ७५ ग्रॅमचा, सगळीकडे एकेरी काडीचा होता. त्याने १५ किलो पेलले, गुणोत्तर २०० आले आणि तो शेवटून दुसरा ठरला. मात्र या गटाच्या वहीत चाचणीच्या आदल्या दिवशीची एक ओळ होती : ‘वरच्या पट्टीतली मधली काडी बाजूला वाकून मोडेल, १२ किलोच्या आसपास.’ मोडली ती नेमकी तीच काडी, आणि बाजूलाच वाकून. शिक्षिकेसमोर गुणपत्रक होते. जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे पहिल्या गटाला जवळजवळ पूर्ण गुण द्यायचे होते आणि दुसऱ्याला काठावरचे.

त्या ओळीत काय होते

या ओळीची किंमत कळण्यासाठी ती कशी निघाली ते पाहिले पाहिजे. या गटाचा पूल कैचीचा, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या काड्यांच्या सांगाड्याचा, होता : दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरच्या समभुज त्रिकोणांची रांग, खालच्या पट्टीत चार काड्या, वरच्या पट्टीत तीन आणि त्यांना जोडणाऱ्या आठ तिरक्या काड्या. भार खालच्या पट्टीच्या मध्यावर येतो. अशा रचनेत खालच्या पट्टीत ताण येतो आणि वरच्या पट्टीत दाब. दोन्ही कैच्यांनी भार सारखा वाटून घेतला असे धरून मधल्या सांध्याभोवती आघूर्ण (म्हणजे जोर गुणिले अंतर) मांडले, की वरच्या मधल्या काडीतला दाब एकूण भाराच्या ०.५८ पट निघतो. वरच्याच पट्टीतल्या बाजूच्या दोन काड्यांत आणि सर्व तिरक्या काड्यांत मात्र तो बरोबर निम्मा, म्हणजे ०.२९ पट असतो. तिरक्यांपैकी निम्म्या काड्यांत दाब आणि निम्म्यांत ताण, एवढाच फरक. हे गणित नववीच्या मुलांना त्रिकोणमितीशिवायही, मोजपट्टीने काढलेल्या आकृतीवरून, करता येते.

आता काडी किती दाब सोसेल हा प्रश्न उरतो. लाकूड ओढून तुटायला बराच जोर लागतो. बारीक काडी दाबली तर मात्र ती चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकते. हा बाक कोणत्या भाराला येतो याचे सूत्र गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात दिले. त्यातल्या दोनच गोष्टी मुलांच्या लक्षात राहिल्या तरी पुरे : लांबी निम्मी केली तर सोसण्याची ताकद चौपट होते, आणि जाडी दुप्पट केली तर आठपट. काडी १० मिलिमीटर रुंद व २ मिलिमीटर जाड, सांध्यांमधले अंतर १०० मिलिमीटर आणि लाकडाचा यंगचा गुणांक (ताठपणाचे माप) १० गिगापास्कल धरला, तर बाक येण्याचा भार ६६ न्यूटन, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास निघतो. त्याला ०.५८ ने भागले की पुलावरचा भार साडेअकरा किलोंच्या थोडा वर येतो. मुलांनी बारा लिहिले. काड्यांच्या सपाट बाजू एकमेकींवर चिकटवलेल्या असल्यामुळे त्यांची पातळ बाजू पुलाच्या आडव्या दिशेला होती. म्हणून बाक बाजूला येणार हेही त्यांनी ओळखले.

प्रत्यक्षात पूल १५ किलोंपर्यंत टिकला, कारण सूत्रात काडीची टोके मोकळी फिरू शकतात असे गृहीत धरलेले असते आणि गोंदाने घट्ट बसलेली टोके तेवढी मोकळी नसतात. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला हा तीन किलोंचा फरक माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग होता, आणि जुन्या नियमात त्याला जागाच नव्हती.

निर्णय

शिक्षिकेने त्या वर्षाचे गुण जाहीर नियमाप्रमाणेच दिले. स्पर्धा झाल्यावर नियम बदलणे हा पहिल्या गटावर अन्याय झाला असता; तिहेरी काड्यांच्या मुलांनी काही लबाडी केली नव्हती, त्यांना जे सांगितले होते तेच त्यांनी केले होते. दोष नियमात होता आणि तो नियम शाळेचा होता. येथपर्यंत दुमत होण्याचे कारण नाही.

पुढच्या सत्रापासून नियम असा झाला : प्रत्येक पुलाने किमान १० किलो पेललेच पाहिजेत. चाचणीआधी गटाने एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो पाकिटात बंद करून द्यायचा : पूल कोणत्या जागी मोडेल, कसा मोडेल (बाक येऊन, तुटून की सांधा सुटून), आणि किती ते किती भाराच्या दरम्यान. हा भाराचा पट्टा जितका अरुंद तितके गुण अधिक, पण प्रत्यक्ष भार पट्ट्याबाहेर गेला तर त्या भागाचे गुण शून्य. ही शेवटची तरतूद केली नसती, तर ‘५ ते ५० किलो’ असे लिहून सगळेच सुटले असते.

नियम सांगितल्याबरोबर वर्गातून प्रश्न आला, ‘मॅडम, कुठे मोडणार हे आधीच कळलं, तर तिथे आम्ही दुहेरी काडी लावू ना. मग लिहायचं काय?’ शिक्षिकेचे उत्तर होते, ‘लावा की. आणि मग तो कुठे मोडेल ते लिहा.’ या देवाणघेवाणीतून चौथी बाब निघाली, आणि माझ्या मते नव्या नियमाचा खरा कणा तीच आहे : मोडणारी जागा बळकट केल्यास त्यानंतरची सर्वांत कच्ची जागा कोणती आणि का, हेही कागदावर लिहायचे. एकेरी काडीच्या त्या पुलाचेच पाहा. फक्त मधली वरची काडी दुहेरी केली, तर ती आठपट सोसू लागते आणि प्रश्न तिथून उठतो. आता बाजूच्या वरच्या काड्या आणि दाबातल्या तिरक्या काड्या पुढे येतात, ज्यांना भाराच्या ०.२९ पट दाब आहे, म्हणून पूल २३ किलोंच्या सुमारास जाईल. दोन काड्यांच्या भरीवर जवळजवळ दुप्पट भार मिळाला. त्यापुढे मात्र एकदम अनेक काड्या दुहेरी कराव्या लागतात. वजन कुठे घालायचे आणि कुठे नाही, हा निर्णय असाच होतो. गुणोत्तराचा नियम तो निर्णय मागत होता खरा, पण तो न घेताही गुण देऊन टाकत होता.

अंदाजाला गुण आहेत म्हटल्यावर मुलांचे वागणे बदलले. चाचणीआधी काही मोजून पाहावे असे आजवर कोणाला वाटले नव्हते; आता गट सुट्या काड्या मागू लागले. एक सोपी युक्ती चांगली चालली : १० किलोंपर्यंतच्या वजनकाट्यावर काडी उभी धरायची, वरून बोटाने सावकाश दाबत जायचे आणि काडीला बाक येताच काट्यावरचा आकडा वाचायचा. अखंड काडी ११४ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे गणिताप्रमाणे पाच किलोंच्या आसपास आकडा यायला हवा. प्रत्यक्षात एका काडीला चार येतो, दुसरीला साडेसहा. एकाच खोक्यातल्या काड्यांत एवढा फरक असतो हे पाहिल्यावर, पट्टा किती अरुंद ठेवावा हा प्रश्न गुणांचा न राहता लाकडाचा झाला. काही गटांनी काड्या निवडून घ्यायला सुरुवात केली आणि ताठ काड्या वरच्या पट्टीसाठी राखून ठेवल्या. हे कोणीही शिकवले नव्हते.

नियमाला दिलेली बगल

एका गटाने वेगळाच मार्ग काढला. पुलातल्या सगळ्या काड्या तिहेरी, आणि वरच्या पट्टीतल्या मधल्या जागी मात्र दोन्ही बाजूंना एकेक काडी, तीही वजनकाट्यावर तपासून निवडलेली. पूल कुठे मोडणार यात शंकाच नव्हती. भाराचा पट्टाही फार अरुंद होता आणि तो बरोबर ठरला. इतर गटांनी तक्रार केली की ही फसवणूक आहे.

मला ती फसवणूक वाटत नाही. मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा अभियांत्रिकीत सर्रास वापरतात. जोर मर्यादेबाहेर गेला तर महागडा गिअर वाचावा म्हणून यंत्रात आधी तुटणारी पिन बसवतात; विजेच्या मंडलात फ्यूज असतो; भूकंपप्रवण भागातल्या इमारतींत ठरावीक भाग आधी वाकावेत आणि खांब उभे राहावेत, अशा बेताने आराखडा करतात. मुलांनी नकळत तेच केले होते. त्यांचे अडले ते चौथ्या बाबीपाशी. मधली काडी बदलल्यास पुढे काय मोडेल, याचे उत्तर त्यांना देता आले नाही, कारण बाकीचा पूल त्यांनी विचार न करता तिहेरी केला होता. त्यामुळे त्यांना पहिल्या तीन बाबींचे गुण पूर्ण मिळाले आणि चौथीचे मिळाले नाहीत. नियमाला बगल देणाऱ्याला नियमानेच अर्ध्यावर अडवावे, हे मला योग्य वाटते. त्यासाठी नवा प्रतिबंध घालण्याची गरज नव्हती.

पूल मजबूत असून गुण कमी कसे, असे काही पालकांनीही विचारले. त्यांना पाकिटातला कागद आणि मोडलेला पूल शेजारी ठेवून दाखवल्यावर विषय बहुतेक मिटला. वरच्या वर्गात शिक्षिका याच संदर्भात सेंट लॉरेन्स नदीवरच्या क्वेबेक पुलाचे उदाहरण देत. त्या पुलाचा मुख्य गाळा (दोन खांबांमधले अंतर) आराखड्याच्या टप्प्यावर १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला गेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित त्याप्रमाणे वेळेवर नव्याने केले गेले नाही. बांधकाम चालू असताना दाबाखालच्या खालच्या पट्ट्यांना बाक येत असल्याचे दिसले होते, मोजले गेले होते आणि वरिष्ठांना कळवलेही गेले होते. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. काडीच्या पुलावर एवढे ओझे टाकू नये हे मान्य. तरी ‘दाबातल्या काडीला बाक’ ही गोष्ट खेळण्यापुरती नाही, हे मुलांना त्यातून कळते.

जिचा हात चांगला तिचे काय

या प्रकरणातला अवघड भाग आता येतो. वर्गात एक मुलगी होती, जिचे सांधे सगळ्यांत स्वच्छ असत. काड्यांची टोके ती कानसून घेई, गोंदाचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावी, कपड्यांचे चिमटे लावून सांधा दाबून ठेवी आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू देत नसे. जुन्या नियमात तिचा गट नेहमी वरच्या तिघांत असायचा. नव्या नियमात पाकिटातला कागद लिहायची वेळ आली की ती मागे सरके. लिहिणे-मांडणे तिला जमत नसे आणि गणिताची तिला धास्ती होती. हा तास तिच्यासाठी शाळेतला एकमेव तास होता जिथे ती कोणाच्या मागे नव्हती. आता इथेही लिहिणारेच पुढे गेले.

या विषयाच्या इतिहासात हा ताण जुनाच आहे. १८६८ साली मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी हस्तकौशल्यांचे क्रमवार धडे पाडले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते मांडले गेले आणि अमेरिकेतल्या शाळांतील हस्तोद्योग शिक्षणाला त्यातून चालना मिळाली. तिथल्या शिक्षकांची संघटना १९३९ मध्ये औद्योगिक कलांच्या नावाने स्थापन झाली, १९८५ मध्ये तिच्या नावात तंत्रज्ञान आले आणि २०१० मध्ये अभियांत्रिकी. प्रत्येक नव्या नावाबरोबर विषयाची प्रतिष्ठा वाढली आणि करवत-कानशीचा तास थोडा आखडला, असे मला वाटते. याच संघटनेने २०२० मध्ये तंत्रज्ञान व अभियांत्रिकी साक्षरतेची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत अंगी बाणवायच्या आठ सवयी दिल्या आहेत. त्यांत प्रणाली म्हणून विचार करणे, चिकित्सक विचार, संवाद आणि नैतिकतेचे भान यांच्या बरोबरीने ‘घडवणे आणि करणे’ हीही एक आहे. (आशावादही त्या आठांत आहे, त्याला गुण कसे द्यायचे हे कोणी सांगितले तर बरे होईल.)

शिक्षिकेने कारागिरीला वेगळे गुण ठेवण्याचा विचार केला आणि सोडून दिला. मला हे पटते, आणि तेही तिने दिलेल्या कारणासाठी. तिचे म्हणणे असे होते की कारागिरी अंदाजाच्या आतच आहे. ऑयलरचे सूत्र सरळ काडी आणि मध्यावर येणारा दाब धरून चालते. काडी आधीच किंचित वाकडी असेल किंवा सांधा एका बाजूला सरकलेला असेल, तर बाक लवकर येतो आणि कितीही चांगले गणित फसते. ज्या गटांचे अंदाज पुन्हा पुन्हा पट्ट्याबाहेर गेले, त्यांतल्या बहुतेकांचे गणित बरोबर होते आणि सांधे ढिसाळ. या मुलीच्या गटाचा अंदाज बरोबर आला तो तिच्या सांध्यांमुळे. हे वर्गात स्पष्टपणे सांगितले गेले आणि त्यानंतर इतर गट चिमटे मागायला तिच्याकडे जाऊ लागले.

एवढ्याने मात्र गुणपत्रकातला प्रश्न सुटत नव्हता, कारण कागद गटाचा असे आणि तो लिहिणारा दुसराच. म्हणून चौथी बाब लेखी न ठेवता तोंडी केली गेली, तीही पुलासमोर उभे राहून आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे. विद्यार्थ्याने बोट ठेवून दाखवायचे : आता इथे मोडेल, ती काडी बळकट केली तर इथे. या मुलीने पहिल्याच वेळी मधल्या वरच्या काडीवर बोट ठेवले, मग दोन्ही कैच्या चिमटीत धरून पूल हलकेच पिळला आणि म्हणाली, ‘ही काडी दुहेरी केली तरी वरच्या दोन पट्ट्यांमध्ये आडवी काडी नाही ना, मॅडम. दोन्ही बाजू मिळून एकदम कलंडतील.’ कैचीचे गणित कागदावर एका प्रतलात करतात, त्यामुळे ही शक्यता एकाही गटाच्या कागदावर आलेली नव्हती. खऱ्या पुलांत वरच्या पट्ट्या एकमेकींना बांधणाऱ्या आडव्या व तिरक्या पट्ट्या घालतात त्या नेमक्या याचसाठी. तिला ते पूल पिळताना हाताला लागले होते.

काही प्रश्न अजून उघडे आहेत. अंदाजाचा पट्टा, मोडण्याची जागा आणि तोंडी उत्तर यांना किती किती गुण असावेत, यावर शिक्षिका दर सत्रात फेरफार करते आणि तो अजून स्थिरावलेला नाही. गुणोत्तराचा तक्ता तिने भिंतीवर ठेवला आहे, पण त्याला गुण नाहीत. मुलांना शर्यत हवी असते आणि ती काढून घेण्यात काही हशील नव्हते. सगळ्यांत मोठा खर्च वेळेचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला पुलासमोर उभे करून विचारायचे, तर पूर्ण वर्गासाठी जास्तीच्या तासिका लागतात, आणि त्या तिने संगणकावरील आरेखनाच्या घटकातून काढल्या. मी त्या साहित्य-गुणधर्मांच्या पाठ्यपुस्तकी घटकातून काढल्या असत्या, कारण तो घटक या काड्या वजनकाट्यावर दाबून पाहताना निम्मा शिकवून झालेलाच असतो.